माठ पाझरला पाहिजे

(दृश्य : दुपारचे दोन. ओसरीत तिवईवर माठ. कॅमेरा माठाच्या बुडाशी.)

बुडाशी एक थेंब जमतोय. आता पडेल असं वाटतं, पण पडत नाही. वाऱ्यानं तिथल्या तिथे आटतो आणि त्याच जागी दुसरा धरू लागतो. चांगल्या माठाची खूण हीच. तो ओला दिसतो, पण गळत नाही.

बाहेर विदर्भातला मे महिना आहे. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. 45 अंश तर इथल्या उन्हाळ्याला नेहमीचेच. आणि ऐन या दिवसांत कितीतरी गावांत नळ दिवसाआड येतो, कुठे तिसऱ्या दिवशी. प्यायचं पाणी घरात भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. गफलत होते ती इथेच. साठवण हे ड्रमचं काम, गारवा हे माठाचं. दोन्ही कामं एकाच भांड्यावर टाकली की पाणी धड गार राहत नाही, धड स्वच्छही राहत नाही.

(दृश्य : कुंभाराचं अंगण. चाक फिरतंय. नंतर थापीचा आवाज.)

माठ चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर त्याचं तोंड आणि गळा बनतो, खालचं अंग जाड आणि बुटकं असतं. ते थोडं सुकलं की आतून भाजलेल्या मातीचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत जायचं. ठोक बसेल तशी माती पसरते, पातळ होते, माठाला पोट येतं. हात एका लयीत चालतो, कारण एका जागी दोन ठोके जास्त पडले तर माठ तिथेच फुटणार.

मातीत काय मिसळलंय, यावर माठाचा पुढचा सगळा गुण ठरतो. तलावाची चिकण माती चाळून भिजवतात आणि पायानं तुडवतात. तिच्यात बारीक वाळू, राख, कुठे घोड्याची लीद तर कुठे भुसा घालतात. भट्टीत लीद आणि भुसा जळून जातो आणि त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. पाणी पाझरतं ते त्यांतूनच.

(दृश्य : भट्टी रचली जातेय. गोवऱ्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, वरून मातीचा लेप.)

गोवऱ्यांच्या आणि पऱ्हाट्यांच्या उघड्या भट्टीत साधारण 700 ते 850 अंशांपर्यंत उष्णता जाते. कमी भाजला तर माठ ठिसूळ राहतो आणि पाण्याचा मातकट वास जात नाही. फार भाजला तर छिद्रं मिटतात. असा माठ टणक असतो, दिसायला देखणा असतो, पण पाणी गार करत नाही.

म्हणून बाजारात माठ घेताना रंगाला भुलू नका. काळा की लाल, यावर फार काही अवलंबून नाही. बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजला तर तडा नाही, भद्द आवाज आला तर परत ठेवा. वरून ऑइल पेंटनं फुलं-वेली रंगवलेला माठ शोभेचा समजावा, पेंटनं त्याची छिद्रं बुजलेली असतात.

घरी आणलेला माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा. पहिली दोन-तीन भरणं प्यायची नाहीत, झाडांना घालायची. साबण आतून नाही आणि बाहेरूनही नाही, कारण माती साबण पिते आणि मग तो पाण्यात उतरत राहतो. अक्षय तृतीयेला पितरांची घागर मांडल्यावरच नवा माठ वापरायला काढायचा, अशी रीत अनेक घरांत आहे. रीत जरूर पाळावी. पण माठ मार्चमध्येच आणून मुरवून ठेवला, तर त्या दिवसापर्यंत तो तयार असतो.

(दृश्य : ओल्या माठावर हात. तळहात ओला होतो.)

आता गारव्याचं गणित. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. ही उष्णता निघते माठातल्या पाण्यातून आणि आजूबाजूच्या हवेतून. पंधरा लिटरच्या चांगल्या माठातून कोरड्या दिवसाला लिटर, दीड लिटर पाणी असं उडून जातं. ते वाया गेलं म्हणून हळहळू नका, बाकीचं पाणी त्याच्यामुळेच गार झालेलं असतं.

मात्र गारव्याला हद्द आहे. हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर माठाचं पाणी फार तर 24 अंशांच्या आसपास उतरू शकतं, त्याखाली नाही. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की तोच माठ कोमट पाणी देतो. त्यात माठाचा दोष नाही.

(दृश्य : बंद खोली, सुरू असलेला कूलर, कोपऱ्यात माठ.)

ही चूक घरोघरी दिसते. खोली गार म्हणून माठही कूलरच्या खोलीत नेतात. कूलर खोलीतली हवा दमट करतो, आणि दमट हवेत माठावरचं पाणी उडत नाही. माठ हवा सावलीत, पण वाऱ्याच्या वाटेवर, म्हणजे ओसरीत किंवा दोन दारांच्या सरळ रेषेत. चुलीपासून लांब. तिवई उघडी असावी, म्हणजे बुडालाही वारा लागतो. खाली परातीत वाळू पसरून ओली ठेवली तर आणखी बरं. भोवती बारदाना गुंडाळत असाल, तर तो दिवसातून तीन-चार वेळा भिजवावा लागेल. कोरडा बारदाना माठाला उलट उबदार ठेवतो.

(दृश्य : माठावरचा पांढरा थर. अंगठ्याच्या नखानं खरवडल्यावर भुकटी पडते.)

हा क्षार. पाणी उडतं, पण त्यातला क्षार छिद्रांच्या तोंडाशी बसतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणीच खारं. तिथे हे पाणी भरलेला माठ लवकर बुजतो. बाहेरून कोरडा दिसू लागला, की माठ बसला म्हणायचं. आठवड्यातून एकदा रिकामा करून नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासावा, धुवावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. तरीही पाझरत नसेल, तर त्यात धान्य भरा आणि पाण्याला नवा माठ घ्या. एक लक्षात ठेवा, उकळून किंवा तुरटी फिरवून खारं पाणी गोडं होत नाही. क्लोरीननंही नाही. उकळल्यावर तर ते आणखी खारट होतं.

(दृश्य : पहाट. नळावर हंड्यांची रांग. ड्रम भरतोय.)

किती भरायचं? पाच माणसांचं घर धरा. दोघं वावरात राबतात. उन्हात कष्ट करणाऱ्यानं दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला हवं, म्हणजे दिवसाला पाच-सहा लिटर. घरातल्या तिघांचं मिळून दहा, स्वयंपाकाचं दहा, आल्यागेल्याचं पाच. दिवसाला चाळीसच्या आत बसतं. नळ तिसऱ्या दिवशी येत असेल, तर तीन दिवसांचं आणि एक दिवस हाताशी, असं 160 लिटर. प्यायच्या पाण्यासाठी 200 लिटरचा एक ड्रम पुरतो.

हा ड्रम नवा आणि अन्नासाठीचा हवा. रसायनाचा जुना ड्रम, फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नये. ड्रम विटांवर आणि सावलीत ठेवा. तोटी बुडापासून दोन-तीन इंच वर बसवा, म्हणजे गाळ खालीच राहतो. नळ आल्यावर पहिली पाच मिनिटं पाणी बाहेर जाऊ द्या. मग जुन्या सुती लुगड्याची चार घडी तोंडावर बांधून भरा. कापड पुढच्या वेळी उलटं बांधलं, तर मागच्या वेळची घाण आत उतरते. म्हणून दर वेळी धुऊन उन्हात वाळवा आणि एका बाजूला धाग्याची खूण करा.

पाणी गढूळ असेल, तर आधी तुरटी फिरवा, दोन-तीन तास निवळू द्या, वरचं पाणी काढून घ्या आणि मगच क्लोरीन टाका. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. क्लोरीनच्या गोळीचं प्रमाण पाकिटावर असतं, ते टाकून अर्धा तास थांबायचं. चांगल्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम. पण उघड्या डब्यातली पावडर उन्हाळ्यात मरते. क्लोरीन ड्रममध्येच टाका, माठात नको. ड्रममध्ये त्याचं काम झालं, की तोटीतून माठ भरा.

(दृश्य : मुलाचा हात माठात. नंतर तोच माठ झाकलेला, भिंतीला लांब दांड्याचं ओगराळं.)

ड्रमपर्यंत शुद्ध आलेलं पाणी बिघडतं ते इथे, बुडवलेल्या हातानं. कावीळ, हगवण त्यातूनच. माठाला तोटी असेल, तर आठवड्याला ती काढून आतला बुळबुळीत थर ब्रशनं घासा. ड्रमही आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासून कोरडा करायचा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली राहतात आणि नुसतं पाणी ओतल्यानं जात नाहीत.

(दृश्य : रात्र. दोन माठ शेजारी शेजारी. एकात पाणी ओतलं जातंय.)

भरलेला माठ लगेच गार होत नाही, सहा-आठ तास घेतो. दुपारी बाराला भरला, तर उन्हात तहानलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून घरात माठ दोन हवेत. एकाचं पाणी दिवसभर प्यायचं, दुसरा रात्री जेवणं आटोपल्यावर भरून, झाकून ओसरीत ठेवायचा. पहाटे वावरात जाणाऱ्यांनी बाटल्या या रात्रीच्या माठातून भराव्यात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्याव्यात.