मोठं नाव आणलं की खेळ मोठा होतो? रग्बी लीगचं काय झालं, ते बघू

नमस्कार मंडळी. गेल्या काही वर्षांत रग्बी लीगच्या जगात एक वाक्य सारखं ऐकू येतं: एखादा मोठा स्टार आणा, लोक आपोआप येतील. क्लबचे मालक हेच म्हणतात, पत्रकार म्हणतात, चाहतेही म्हणतात. मला हे निम्मंच खरं वाटतं. का, ते सांगतो.

आधी थोडी ओळख. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ती काहींनी बघितली असेल. ती सात-सात जणांची रग्बी, रग्बी युनियन या दुसऱ्या प्रकाराच्या घराण्यातली. आपण बोलतोय ते रग्बी लीगबद्दल. संघात तेरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत, म्हणजे सहा वेळा अडवलं जाईपर्यंत मुभा, त्यात जमलं नाही तर चेंडू समोरच्याला द्यायचा. म्हणून खेळ फार वेगवान.

[पडद्यावर: उत्तर इंग्लंडचा नकाशा]

हा खेळ जन्माला आला तो मजुरीच्या भांडणातून. खाणीत आणि गिरणीत राबणारी माणसं शनिवारी सामना खेळायची आणि तेवढा रोज बुडायचा. उत्तरेतले क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी भरून द्यायची परवानगी द्या. रग्बी चालवणाऱ्या वरच्या मंडळींनी नाही म्हटलं. 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांची बैठक झाली आणि ते युनियनपासून वेगळे झाले. विगन, सेंट हेलेन्स, लीड्स, वॉरिंग्टन, हल या गावांत हा खेळ आजही घराघरात आहे. पण लंडनमध्ये रस्त्यावर माणसं थांबवून विचारलं, की या खेळातला एक खेळाडू सांगा, तर बरीच जण गप्प राहतील असं मला वाटतं.

स्टार नव्हते म्हणून ही वेळ आली का? अजिबात नाही. बिली बॉस्टनचंच बघा. कार्डिफचा कृष्णवर्णीय मुलगा, 1953 मध्ये विगनला आला आणि कारकिर्दीत त्याने 571 ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं). विगनमध्ये त्याचा पुतळा आहे, वेम्बलीच्या बाहेर रग्बी लीगच्या पाच दिग्गजांचं शिल्प आहे, त्यातही तो आहे. त्याला ‘सर’ ही पदवी कधी मिळाली? 2025 मध्ये, वयाच्या नव्वदीत. आणि रग्बी लीग खेळल्याबद्दल ती मिळालेला तो पहिलाच खेळाडू. खेळ वेगळा झाल्यावर जवळजवळ 130 वर्षांनी! म्हणजे माणूस कितीही मोठा असला, तरी बघणाऱ्यांनी तिकडे बघायचंच नाही ठरवलं, की एकटा खेळाडू काय करणार?

आता टोरांटो वुल्फपॅकची गोष्ट. कॅनडातला हा क्लब 2017 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळायला लागला. अटलांटिक ओलांडून सामने! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण लॅम्पोर्ट स्टेडियमवर लोक यायला लागले. ऑक्टोबर 2019 मध्ये फेदरस्टोनला हरवून त्यांनी सर्वांत वरची श्रेणी, म्हणजे सुपर लीग गाठली, तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास गर्दी होती. त्या संघात जगभर गाजलेलं एकही नाव नव्हतं, हे लक्षात ठेवा.

मग आला सनी बिल विल्यम्स. न्यूझीलंडचा, युनियनचे दोन विश्वचषक जिंकलेला, मुष्टियुद्धही खेळलेला. रग्बी लीगच्या इतिहासातला सर्वांत महागडा करार म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याला पत्रकारांसमोर आणलं ते लंडनमध्ये, आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या मैदानावर. कॅमेरे, मथळे, सगळं झालं. त्या एका आठवड्यात खेळाचं नाव खरंच दूरवर गेलं, हे मान्य करायलाच हवं.

पुढे काय? फेब्रुवारी 2020 मध्ये लीड्सच्या हेडिंग्लेवर पहिला सामना, कॅसलफोर्डकडून हार. टोरांटोत हिवाळा असतो म्हणून सुरुवातीचे सगळे सामने इंग्लंडमध्येच होते. मार्चमध्ये कोविड आला. जुलैमध्ये क्लबने हंगामातून माघार घेतली. पैसा संपला होता. वर्षअखेरीला बाकीच्या क्लबांनी मतदान करून त्यांना परत घ्यायला नकार दिला. ज्या शहराच्या नावावर हा करार झाला, त्या टोरांटोत सनी बिल वुल्फपॅककडून एकही सामना खेळला नाही. लॅम्पोर्टवर येणाऱ्या त्या हजारो लोकांचं मला आजही वाईट वाटतं. स्टार नसतानाही ते येत होते. त्यांना क्लब टिकायला हवा होता.

[पडद्यावर: लाल झेंड्यांनी भरलेलं मैदान]

आता याच्या नेमकं उलट. 2017, विश्वचषकाच्या तोंडावर. जेसन टाउमालोलो, त्या वेळचा जगातल्या सर्वांत ताकदवान फॉरवर्डांपैकी एक, न्यूझीलंडकडून खेळलेला. अँड्र्यू फिफिटा, ऑस्ट्रेलियाचा. दोघांनीही आपले बलाढ्य संघ सोडले आणि टोंगाकडून खेळायचं ठरवलं. टोंगा म्हणजे लाखभर लोकवस्तीचा बेटांचा देश, ह्या दोघांच्या घराण्यांचा देश. मोठ्या संघाकडून मिळणाऱ्या पैशांवर त्यांनी पाणी सोडलं.

हॅमिल्टनमध्ये टोंगाने न्यूझीलंडला 28-22 हरवलं. मग ऑकलंडच्या माउंट स्मार्ट स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. सामना संपायला सात-आठ मिनिटं उरलेली आणि टोंगा 0-20 पिछाडीवर. बाकी कुठलंही मैदान रिकामं व्हायला लागलं असतं. इथे लोक जागचे हलले नाहीत, आणि टोंगाने लागोपाठ तीन ट्राय केले. 18-20! शेवटच्या क्षणी फिफिटा चेंडू घेऊन थेट ट्राय लाइनकडे झेपावला, इंग्लंडच्या एलियट व्हाइटहेडचा हात पडला आणि चेंडू निसटला. पंचांनी खेळ थांबवला नाही, वेळ संपली, टोंगा हरला. तो शेवटचा मिनिट शोधून नक्की बघा. आवाज मोठा ठेवा, स्टेडियममधलं गाणं ऐकण्यासारखं आहे.

हरूनही काय झालं? पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला टोंगाशी खेळावं लागलं, त्याच मैदानावर, खचाखच भरलेल्या. 2019 मध्ये ईडन पार्कवर टोंगाने ऑस्ट्रेलियाला 16-12 हरवलं. मग सामोआच्या पोरांनाही तोच मार्ग दिसला. जेरोम लुआई, ब्रायन टोओ यांच्यासारखे एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीगमधले तारे सामोआकडून उतरले आणि तो संघ 2022 मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला.

सनी बिल आणि टाउमालोलो, दोघेही स्टारच. फरक कुठे पडला? टाउमालोलोच्या मागे उभं राहायला लोक आधीपासून होते: ऑकलंडच्या दक्षिणेतली टोंगन वस्ती, चर्चची गायकमंडळं, गाड्यांवर झेंडे लावून निघणारी कुटुंबं. त्यांच्याकडे नव्हतं ते एकच, जिंकू शकेल असा स्वतःचा संघ. स्टारने तो दिला. टोरांटोत लोकही होते आणि संघही होता, पण स्टार लोकांपर्यंत पोचलाच नाही.

इंग्लंडमध्ये अजून एक दुखणं आहे: तारे टिकत नाहीत. 1995 मध्ये युनियन व्यावसायिक झाली आणि तिथला पैसा लीगच्या खेळाडूंना खुणावू लागला. विगनमध्ये घडलेल्या जेसन रॉबिन्सनने 2003 च्या युनियन विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसाठी ट्राय केला, तेव्हा देशाने त्याला डोक्यावर घेतलं. तयार केला लीगने, नाव झालं युनियनचं. उरलेले ऑस्ट्रेलियाला जातात, कारण तिथे पगार कितीतरी जास्त. सॅम बर्जेसने सिडनीत एनआरएलचा 2014 चा अंतिम सामना पहिल्याच धडकेत गालाचं हाड मोडलेलं असताना पूर्ण खेळला आणि साउथ सिडनीला 43 वर्षांनी विजेतेपद मिळालं. सिडनीला तो दिवस तोंडपाठ आहे. ब्रॅडफर्डच्या क्लबमध्ये घडलेला हा इंग्लंडचा पोरगा, पण इंग्लंडमध्ये रग्बी लीगच्या गावांबाहेर किती जणांना ते ठाऊक असेल?

आणि टीव्ही! 1996 पासून सुपर लीगचे सामने जवळजवळ सगळे पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर नियमित सामने आले ते 2022 मध्ये चॅनल फोरवर, मग 2024 मध्ये बीबीसीवर. आपल्याकडे कबड्डीत हेच घडलं. अनुप कुमार 2010 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता, पण तो घराघरात पोचला 2014 मध्ये प्रो कबड्डी रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायला लागल्यावर. खेळाडू तोच, त्याचं कसबही तेच.

आता ज्याच्यामुळे इंग्लंडभर, लीगशी काही संबंध नसलेल्या घरांतही हा खेळ पोचला, त्या माणसाबद्दल. रॉब बरो. लीड्स ऱ्हायनोजचा, जर्सी क्रमांक 7, उंची पाच फूट पाच इंच. सव्वासहा फुटी राक्षसांच्या पायांतून निसटून जायचा. आठ वेळा सुपर लीग विजेता. डिसेंबर 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजाराचं, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणाऱ्या आजाराचं निदान झालं. त्याचा कर्णधार केव्हिन सिनफील्ड वर्षभराने रस्त्यावर उतरला: सात दिवसांत सात मॅरेथॉन, मित्राच्या क्रमांकासाठी. उद्दिष्ट 77,777 पौंडांचं, जमले वीस लाखांच्या वर.

मे 2023 मध्ये लीड्स मॅरेथॉनमध्ये सिनफील्डने बरोची चाकाची खुर्ची सगळं अंतर ढकलत नेली. अंतिम रेषेच्या जरा अलीकडे तो थांबला, खाली वाकला, बरोला दोन्ही हातांवर उचललं आणि रेष ओलांडून त्याच्या गालावर मुका घेतला. जगभर ते दृश्य गेलं. बरो 2 जून 2024 ला गेला. दुसऱ्याच दिवशी लीड्समध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राच्या बांधकामाला सुरुवात झाली. हे कुणी जाहिरातीसाठी ठरवून केलं नव्हतं. त्या दोघांची मैत्री क्लबमध्ये, इतक्या वर्षांच्या चिखलात आणि थंडीत तयार झाली होती.

आता नजर पापुआ न्यू गिनीकडे. रग्बी लीग तिथला राष्ट्रीय खेळ आहे, लोक अक्षरशः जीव टाकतात. 2028 मध्ये त्यांचा संघ एनआरएलमध्ये उतरणार आहे, ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत 60 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहे, आणि बाहेरचे तारे यावेत म्हणून खेळाडूंना करमाफीही जाहीर झाली आहे. बाहेरचे दोन-तीन मोठे खेळाडू हवेतच, नाहीतर पहिली दोन वर्षं नुसता मार खावा लागेल. पण मला काळजी बाकीच्या जागांची आहे. पोर्ट मोर्सबीचा हंटर्स संघ 2014 पासून क्वीन्सलँडच्या स्पर्धेत खेळतोय आणि 2017 मध्ये त्याने ती जिंकलीही. त्या संघातून आलेली डोंगरी भागातली मुलं 2028 च्या पहिल्या सामन्यात किती दिसतात, ते मी मोजणार आहे. तुम्हाला काय वाटतं, खाली लिहा. आणि सिडनीत हॅरिस पार्क, पॅरामॅटा भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी खास लिहा: तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पॅरामॅटा ईल्सचं मैदान आहे, तुम्ही कधी सामन्याला गेलात का, आणि गेला असाल तर कुणाला बघायला?