सोबतीच्या माणसाचे तिकीट

बडोद्याच्या प्रतापनगर स्थानकातून एकतानगरला, म्हणजे पूर्वीच्या केवडियाला, मेमू ही लोकल गाडी जाते आणि ती स्वस्तही पडते. तरीही कर्करुग्णांच्या सोबत्यांसाठी निधी जमवायला नर्मदेवरच्या बोटीच्या सहलीला दांडिया बाजारातून निघालेली ही मंडळी बसने चालली आहेत, कारण केमोथेरपी (केमो) घेतलेल्या माणसाला उमासे येऊ लागले तर बस रस्त्याच्या कडेला उभी करता येते. सुमारे ९० किलोमीटरच्या या प्रवासात प्रत्येक कर्करुग्णाच्या शेजारी त्याच्या घरचे एक माणूस बसले आहे. कुणाची बायको आहे, कुणाचा थोरला मुलगा, तर कुणाची नणंद. मागच्या रांगांत वर्गणीदार आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने तीन तिकिटांचे पैसे भरले आहेत, स्वतःचे, एका रुग्णाचे आणि त्याच्या सोबत्याचे, आणि वर ऐपतीप्रमाणे निधीत भर घातली आहे.

हा निधी औषधांसाठी नाही. आयुष्मान योजनेखाली गुजरातमधील पात्र कुटुंबाला २०२३ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. मात्र रुग्णाच्या उशाशी महिना महिना बसणाऱ्याची बुडालेली मजुरी, त्याचे दोन वेळचे जेवण आणि धर्मशाळेतील खोली या गोष्टी रुग्णालयाच्या पॅकेजात बसत नाहीत. वर्गणी मागायला जाणारे कार्यकर्ते घरोघर हेच समजावून सांगतात, आणि आमच्या मते एवढे सांगणे पुरेसे आहे.

[दृश्य : डभोई, चहाचा थांबा]

डभोईला चहा होतो. खिडकीशी बसलेल्या या काकांचे तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन झाले आहे. जबडा आखडल्यामुळे तोंड जेमतेम एक बोटभर उघडते, म्हणून त्यांचा चहा बशीत ओतून निववला जातो. चहा संपल्यावर ते खिशातून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी काढतात, ती दातांमध्ये धरतात आणि मग सावकाश आणखी एक काडी मधोमध सरकवतात. हा फिजिओथेरपीचा व्यायाम आहे. तो दिवसातून अनेकदा करावा लागतो आणि सहलीच्या दिवशीही चुकवून चालत नाही. काकू घड्याळाकडे पाहत असतात.

सहलीची तारीख ठरवणे हेच खरे जिकिरीचे काम होते. केमोचा डोस दिल्यानंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि संसर्गाची भीती वाढते. प्रत्येकाचे डोस वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे सर्वांना सोयीचा रविवार सापडेना. अखेर डॉक्टरांची चिठ्ठी आणि ताजा रक्ततपासणीचा अहवाल पाहूनच नावे घेण्यात आली. काही जण त्यामुळे मागे राहिले. पाण्याच्या बाटल्याही दोन खोक्यांत भरल्या गेल्या, कारण ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध घेणाऱ्यांना गार पाण्याचा घोट घेताच घशात आणि बोटांत मुंग्या येतात. त्यांच्या खोक्यावर ‘साधे’ अशी चिठ्ठी डकवलेली दिसते.

[दृश्य : श्रेष्ठ भारत भवनाजवळचा धक्का]

बडोदेकरांना बोटीचे नाव काढताच हरणी तलाव आठवतो. १८ जानेवारी २०२४ रोजी तेथे सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्यामुळे येथे लाइफ जॅकेटच्या बाबतीत कोणाचेही ‘राहू दे’ ऐकून घेतले जात नाही. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या या मावशींचा डावा हात सुजतो. पट्टा काखेत रुतू नये म्हणून त्यांची सून तो सैल करून पुन्हा बांधते. पांढरा रुमाल बांधलेल्या गृहस्थांचे स्वरयंत्र काढलेले आहे आणि ते गळ्यावरील छिद्रातून श्वास घेतात. पाण्यात पडल्यास जॅकेट त्यांचे डोके वर ठेवील, परंतु छिद्रातून पाणी थेट फुप्फुसांत जाईल. म्हणून त्यांची जागा कठड्यापासून दूर, मधल्या रांगेत, मुलाशेजारी ठेवली आहे.

एकता क्रूझ ही बोट सहा किलोमीटरचे अंतर साधारण ४० मिनिटांत कापते. गरुडेश्वरच्या बंधाऱ्याने नर्मदेचे पाणी अडवल्यामुळे येथे प्रवाह संथ आणि पात्र भरलेले आहे. दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये जेथे देह ठेवला, ते गरुडेश्वरचे स्थान येथून फार दूर नाही, हे कळताच वयस्कर प्रवाशांपैकी बहुतेकांनी त्या दिशेला हात जोडले. पुढे विंध्य आणि सातपुड्याच्या टेकड्या जवळ येतात आणि सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा दिसू लागतो. तेव्हा मोबाइल सोबत्यांच्या हाती असतात आणि छायाचित्रांत रुग्णच येतात. काड्यांच्या जुडीवाल्या काकांनी मात्र मोबाइल स्वतःकडे घेऊन काकूंना कठड्याशी उभे केले.

परतल्यावर बस, बोट आणि जेवणाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम मुंबईला आणि अहमदाबादला उपचारांसाठी जाणाऱ्यांच्या सोबत्यांना देण्यात आली. पुढच्या सहलीची वर्गणी दांडिया बाजारात घेतली जात आहे, आणि रक्ताच्या अहवालामुळे या वेळी मागे राहिलेल्यांची नावे यादीत सर्वांत वर लिहिली आहेत.