नेमणूकपत्र हातात, मगच गाडीत

नमस्कार श्रोतेहो.

कुपवाडच्या नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत चार-पाच वर्षं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, चालवलेला मुलगा बंगळुरूला जायचं म्हणतो, यात नवल काही नाही. तिथल्या पीण्या भागातली औद्योगिक वसाहत मोठी आहे, अशा हाताला तिथं काम असतं, आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं मिरजेहून रात्रभरात पोचता येतं. पण "आधी जातो, मग बघतो" हे मला पटत नाही. खोलीचं भाडं, खाणावळ यात पैसे संपत आले, की माणूस मिळेल ते काम मिळेल त्या पगारावर धरतो. घरी राहून शोधणाऱ्याला निदान नको म्हणता येतं.

शोध इथूनच करा. केंद्र सरकारचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत. आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालतं. पहिली मुलाखत हल्ली बऱ्याचदा फोनवरच होते. लांबचा उमेदवार खरंच येईल का, ही कंपनीची खरी शंका. म्हणून कोणत्या तारखेला रुजू होऊ शकता ते अर्जातच लिहा. आणि नोकरी लावतो म्हणून कुणी फी मागितली, तर तिथंच फोन ठेवा.

आता नेमणूकपत्र. ते सावकाश वाचा. खाली सही-शिक्का कुणाचा आहे, कंपनीचा की कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा? गेटवर पाटी एकाची आणि पगार दुसऱ्याचा, असं पुष्कळ ठिकाणी असतं. ठेकेदाराकडं काम करूच नये असं नाही, पण ते माहीत असून करावं. मग सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यामागं येणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा. तीस हजार म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली असते. हातात किती येणार, ओव्हरटाइमचा दर काय, हे लेखी मागून घ्या. विचारलं म्हणून कुणी रागावलं, तर तेही आधीच कळलेलं बरं. पीएफचा यूएएन, म्हणजे सगळीकडं चालणारा खाते क्रमांक, जुनाच द्यायचा. राज्य बदललं तरी तो बदलत नाही.

परराज्यातल्यांना घेतच नाहीत, अशी एक धास्ती असते. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा केला होता. उच्च न्यायालयानं तो 2023 मध्ये रद्द केला. कर्नाटकातलं तसलं विधेयक 2024 मध्ये सरकारनंच थांबवलं. कन्नड मात्र यायला हवी. जत, गडहिंग्लजकडच्या कितीतरी मुलांना ती येते, पण अर्जात लिहायला लाजतात! लिहा की.

बंगळुरूला घरमालक भाड्याच्या कितीतरी पट अनामत मागतात, तेव्हा पहिले काही महिने एकट्यानं पीजीत, म्हणजे पैसे देऊन राहायच्या वसतिगृहासारख्या जागेत, काढावेत. बिऱ्हाड नेण्याआधी मुलांची इयत्ता बघा. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं, तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते. रेशनची काळजी नको: तुमच्या वाट्याचं धान्य तिथल्या दुकानात उचलता येतं, उरलेलं घरच्यांना गावी मिळतं.

मोटारसायकल पहिल्या खेपेला नेऊच नका. बारा महिन्यांच्या वर गाडी तिकडं ठेवायची, तर नवी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आधी नोकरी टिकतेय का ते बघा, मग गाडीचं.

नमस्कार.