रफ नेमकी कुठली पाटी वाचतो?

नमस्कार मंडळी. शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. हिंजवडीतून सहाच्या आत निघालो नाही तर घरी कधी पोचू याचा काही नेम नसतो. कोड पुश केला, बॅग उचलली, आणि सीआय, म्हणजे पुश झालेला कोड आपोआप तपासणारी यंत्रणा, लाल! एफ401. म्हणजे इम्पोर्ट करून ठेवलंय, वापरलं कुठेच नाही. माझ्या लॅपटॉपवर मात्र रफ, म्हणजे पायथन कोडमधल्या अशा चुका दाखवणारं टूल, गप्प.

चूक माझीच. सहा महिन्यांपूर्वी होम फोल्डरमध्ये मी एक फाइल टाकून ठेवली होती. (स्क्रीनवर फाइल) हे बघा, डॉट कॉन्फिग, त्यात रफ, त्यात रफ डॉट टॉमल. एफ401 इग्नोर! टाकली आणि विसरलो. विंडोजवाल्यांनो, तुमची ही जागा अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगमध्ये.

आता सदाशिव पेठेतला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजावर एक पाटी, जिन्यात दुसरी, बिऱ्हाडाच्या दारावर तिसरी. आपण बिचारे तिन्ही वाचतो. रफ तसा नाही. तो पायथन फाइलपासून एकेक फोल्डर वर चढत जातो आणि पहिली पाटी, म्हणजे नियमांची फाइल, दिसली की थांबतो. वरच्या पाट्या वाचतच नाही. त्याही लागू करायच्या असतील तर दारावरच्याच पाटीत लिहायचं, 'बाकी नियम दिंडीवर पाहावेत.' त्याला म्हणतात एक्स्टेंड. वाटेत एकही पाटी सापडली नाही, तरच होममधली तुमची फाइल. तीही नसेल तर रफचे मूळचे नियम, 88 अक्षरांची ओळ वगैरे.

"अरे, पण पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, ती सेटिंग्जची फाइल, होती ना प्रोजेक्टमध्ये?" होती की! पण तिच्यात टूल डॉट रफ हा सेक्शनच नव्हता. तो नसेल तर रफच्या लेखी ती पाटी कोरी, तो पुढे जातो. माझा अर्धा तास इथेच गेला. आणि सीआयच्या मशीनवर माझं होम फोल्डर कुठून येणार? तिथे मूळचे नियम लागले, त्यांत एफ401 चालूच असतो.

शंका आली की रफ चेकला शो-सेटिंग्ज लावा आणि फाइलचं नाव द्या. कुठली पाटी वाचली, ते तो पत्त्यासकट सांगतो. आयसोलेटेड लावलंत तर सगळ्या पाट्यांकडे पाठ.

होममधली फाइल मी काढलेली नाही. इकडेतिकडे पडलेल्या स्क्रिप्टांसाठी ती बरी पडते. फक्त तिच्यातलं ते इग्नोर उडवलं, आणि टीमचे नियम रेपोत कमिट केले. सीआय हिरवं झालं तेव्हा सात वाजले होते. भूमकर चौकाचं काही विचारू नका.