जुना एचडी ८०० की नवा ८०० एस? आधी पॅड पाहा, मग भांडा

(टेबलावर दोन हेडफोन. डावीकडे चंदेरी, उजवीकडे काळा.)

राम राम मंडळी. हा चंदेरी म्हणजे सेनहायझरचा एचडी ८००, २००९ सालचा. हा काळा एचडी ८०० एस, २०१६ चा. दोन्ही ३०० ओहमचे (विजेला होणारा विरोध), दोन्हींत ५६ मिलिमीटरचा कड्यासारखा ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), वजन दोघांचंही ३३० ग्रॅम. कागदावर जुळे भाऊ. पण कोणी म्हणते जुना कानाला टोचते, कोणी म्हणते नवा मिळमिळीत झाला. काहून?

मॉडेलमध्ये फरक आहे, त्यावर येतोच. पण पुष्कळ वेळा ज्या फरकावर आपण वाद घालून राहिलो असतो तो मॉडेलचा नसतेच. तो असते दाबून दाबून पापड झालेल्या पॅडचा, म्हणजे कानावर बसणाऱ्या गादीचा. जुन्या हेडफोनवर जुनं पॅड आणि नव्यावर नवं कोरं पॅड, अशी तुलना म्हणजे घासलेल्या टायरची गाडी नव्या टायरच्या गाडीसोबत पळवणं.

(कॅमेरा जवळ. हातात एचडी ६००, पॅड अर्धं काढलेलं.)

हा सेनहायझरचाच एचडी ६००, कारण याचं पॅड काढून दाखवायला सोपं आहे. नखांनी कडेला धरा, कपापासून हळूच बाहेर ओढा. एका जागी सुटलं की बोट फिरवत पुढे जा, खटखट करत निघते. एका कोपऱ्यातून झटका देऊ नका, आतली प्लास्टिकची रिंग वाकते.

आता अंगठ्यानं दाबा आणि सोडा. चांगलं पॅड लगेच वर येते. मेलेलं पॅड दबलेलंच राहते. पॅड दबलं की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कान आतल्या फोमला टेकतो, आणि बास अन् वरचे स्वर दोन्ही जागचे हलतात. आणि ही आतली काळी पातळ फोमची चकती पाहा. आपल्याकडचं ऊन आणि घाम दोन्ही मिळून हिचा भुगा करते. बोट लावलं आणि काळी पूड हाताला आली तर ती चकतीही बदला. पॅड मळलेलं पण फुगीर असेल तर बदलायची गरज नाही. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, हातानं दाबून धुवा, पिळू नका. चोवीस तास सावलीत वाळवा. उन्हात टाकलं तर फोम कडक होतो.

पॅड निघालंच आहे तर जाळीकडे पाहून घ्या. डोक्याचा एखादा केस ड्रायव्हरच्या पडद्याला टेकला की डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यासोबत खर्रखर्र येते, आणि माणूस समजतो ड्रायव्हर फाटला. गावात जिनिंग असेल तर दिवाळीनंतर घरात रुईचे तंतू उडतात, तेही असंच करतात. चिमट्यानं उचला, मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर किंवा व्हॅक्यूम अजिबात नाही, पडद्यालाच धक्का बसते. आणि वेल्डिंगच्या दुकानात, ग्राइंडरजवळ हेडफोन नेऊ नका. ड्रायव्हरमधलं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेते. आत गेलेला कीस काढणं महाकठीण.

(खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा दाखवत.)

पॅड झाले. आता आवाज सारखा करणं. दोन हेडफोनमध्ये एक डेसिबलचा जरी फरक असला तरी मोठ्या आवाजाचा हेडफोन 'जास्त मोकळा, जास्त खुला' वाटतो. कानाची खोडच आहे ती. म्हणून हा जुगाड. जाड पुठ्ठा घ्या, वहीच्या पानाएवढा. मधोमध फोनच्या माइकएवढं भोक पाडा. मागून फोनचा माइक भोकावर बसवून टेपनं चिकटवा. समोरून हेडफोनचा एक कप भोकाच्या बरोबर मध्ये ठेवा, वरून हलका दाब. फोनमध्ये साउंड मीटर अ‍ॅप, हेडफोनमध्ये पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला सूं आवाज). आकडा लिहा, कप उचला, पुन्हा ठेवा, असं तीनदा. तिन्ही आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आले तरच धरा. मग दुसरा हेडफोन, आणि व्हॉल्यूम फिरवून तोच आकडा आणा. या मापातून खरे डेसिबल कळत नाहीत, पण एकाच्या तुलनेत दुसरा किती ते कळते, आणि आपल्याला तेवढंच पायजे.

इथं एक फसगत सांगतो. ८०० एस सोबत बॅलन्स्ड केबल येते (दोन्ही कानांना पूर्ण वेगळ्या तारा देणारी). पुष्कळ अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद देणारे डबे) बॅलन्स्डमधून दुप्पट व्होल्टेज देतात. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल. केबल बदलली, आवाज ६ डेसिबल चढला, आणि लोक लिहून मोकळे: 'बॅलन्स्डमध्ये पडदाच उघडला.' पडदा नाही बावा, व्हॉल्यूम उघडला.

(दोन्ही हेडफोन समोर.)

आता खरा फरक. जुन्या ८०० ला साधारण ६ किलोहर्ट्झपाशी (सेकंदाला सहा हजार कंपनं) एक टेकडी आहे, म्हणजे तिथला आवाज वर उचललेला. हा प्रदेश कशाचा? 'स' आणि 'श' टोचतात तो. ऐकायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे खंजिरी. राष्ट्रसंतांच्या परंपरेतलं एखादं खंजिरी भजन लावा. चामड्यावरच्या थापेकडे लक्ष देऊ नका, चकत्यांकडे द्या. ८०० वर चकत्यांचा झणकार गायकाच्या पुढे येऊन उभा राहतो, अर्ध्या तासात कान थकतो. ८०० एस वर तोच झणकार गायकाच्या बाजूला जाऊन बसतो.

केलं काय? ड्रायव्हर कड्यासारखा आहे, मध्ये मोकळी जागा. ८०० एस मध्ये त्या जागी एक शोषक बसवला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की एकच सूर निघतो ना? बाटलीच्या आकारानुसार तो सूर ठरलेला. हा शोषक त्याच तत्त्वावर चालतो, फक्त उलटा. त्याचा ठरलेला सूर तो गिळतो. टेकडी उतरली की खालचा बास आपोआप भरलेला वाटते.

म्हणजे जुना ८०० स्वस्तात मिळत असेल तर? घ्या. टेकडी तुम्ही घरीच उतरवू शकता. विंडोज कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एक पीक फिल्टर (एकाच जागचा आवाज कमी-जास्त करणारा) टाका: ६००० हर्ट्झ, उणे ४ डेसिबल, क्यू ३ (फिल्टर किती अरुंद तो आकडा). खंजिरी लावून उणे ३ ते उणे ६ मध्ये कुठं बरं वाटते ते पाहा. जास्त उतरवलं तर चकत्या पत्र्यासारख्या मुक्या होतात. काही लोक त्या मधल्या मोकळ्या जागेत फेल्टचा तुकडा बसवतात. चालते, पण ड्रायव्हरच्या इतक्या जवळ डिंक-गोंद नको. आमचं मत विचाराल तर फिल्टर बरा, चुकला तर एका क्लिकमध्ये निघतो.

आता ६०० चं घराणं, पटकन. १९९७ चा ६००, २००३ चा ६५०, दोन्ही ३०० ओहम. ६५० थोडा ऊबदार, वरून किंचित झाकलेला. २०१७ चा ६६० एस १५० ओहमवर आला. २०२३ चा ६६० एस २ परत ३०० वर गेला, आणि ड्रायव्हरची स्वतःची कंपनसंख्या ११० वरून ७० हर्ट्झवर आणली असं कंपनी सांगते. ते ऐकायचं असेल तर तबला कामाचा नाही, डग्ग्याचा सूर बहुधा इतका खाली जात नाही. ४० हर्ट्झचा टोन लावा. ६०० वर तो दूर गेलेल्या ट्रॅक्टरसारखा, ६६० एस २ वर अंगणात आलेला. ६०० वाल्यांनी त्याच सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झला लो शेल्फ (खालचा सगळा बास उचलणारा फिल्टर) अधिक ४ डेसिबल द्यावा, आणि प्रीअ‍ॅम्प (त्यातलाच एकूण आवाज) उणे ४ करायला विसरू नये, नाही तर जोराच्या ठेक्यावर आवाज फाटते.

या घराण्यात अ‍ॅम्पही बोलतो. ६०० चे ३०० ओहम सगळीकडे ३०० नसतात, १०० हर्ट्झच्या आसपास ते ५०० च्या पुढे चढतात. जुन्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा विरोध) १२० ओहम असेल तर हिशेब करून पाहा, तिथं बास साधारण १ डेसिबल फुगते. म्हणजे तुलना एकाच अ‍ॅम्पवर. एक हेडफोन फोनवर आणि दुसरा अ‍ॅम्पवर, असं नाही.

(स्विचबोर्डकडे बोट.)

आणि विजेचं. हे सगळे मागून उघडे हेडफोन आहेत, बाहेरचा आवाज सरळ आत येते. मे महिन्यात कूलर चालू ठेवून ८०० आणि ८०० एस ची तुलना करणं म्हणजे लग्नाच्या मांडवात कुजबुज ऐकणं. पहाटे पाचला करा, कूलर बंद.

घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. घूं गेली म्हणजे दोष हेडफोनचा नाही, बहुतेक अर्थिंगचा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडते, अर्थिंग नावापुरती उरते. खड्ड्यात पाणी सोडा, तरी नाही गेली तर वायरमनला दाखवा. पिनमधली अर्थची पिन तोडू नका, अ‍ॅम्पच्या पत्र्याला झटका येऊ शकते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर येणारी किरकिर वेगळी, लाइट आल्यावर ती आपोआप जाते.

वायरलेसवाले: सोनीचा एक्सएम ४ (पूर्ण नाव डब्ल्यूएच-१०००एक्सएम ४) घडी होतो, २०२२ चा एक्सएम ५ होत नाही, २०२५ चा एक्सएम ६ परत होतो. यात जुना घ्यायचा तर पॅडइतकीच बॅटरी पाहा. पूर्ण चार्ज करून किती तास जाते ते मोजूनच पैसे द्या.

शेवटी कुरिअरनं जुना हेडफोन आला की पहिल्याच दिवशी हे करा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. फक्त गायकाचा मोनो (दोन्ही कानांत एकसारखा) आवाज लावा, तो डोक्याच्या मधोमध यायला पायजे. एकीकडे झुकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव त्याच कानाकडे राहिला तर दोष हेडफोनचा नाही, कानाचा, बहुतेक मळ. दुसऱ्या कानाकडे गेला तर कपापाशी दोन्ही बाजूंच्या केबल आपसात बदला. ६०० च्या केबलची एक पिन जाड, एक बारीक असते, त्यामुळे उलटी घुसत नाही, जोर लावू नका. बदलल्यावर झुकावाची बाजू बदलली तर केबल किंवा अ‍ॅम्प. नाही बदलली तर ड्रायव्हर, आणि मग त्याच दिवशी विकणाऱ्याला फोन लावा.