मागचं चाक बोलतंय, पण कुठलं?

माईक नको, मागे आवाज पोचतोय ना? बरं. मला सांगितलं होतं जुन्या गाड्यांच्या मेंटेनन्सवर बोल, पण तेवढ्याला दिवस पुरायचा नाही म्हणून एकच विषय घेतो, मागच्या चाकाचा आवाज, आणि तोही माझ्या 1998 च्या मारुती 800 वरून, कारण तिच्यावर मी स्वतःच्या खिशातले पैसे घालवून शिकलोय.

झालं असं, 2019 च्या ऑगस्टमधे कोल्हापुरात पूर आला तेव्हा गाडी बहिणीच्या बिल्डिंगखाली उभी होती. अर्धं चाक बुडेल एवढं पाणी, दोनेक दिवस. इंजिनपर्यंत पोचलं नाही म्हणून आम्ही खूश. मॅट वाळवल्या, ब्रेक दाबून बघितले, गाडी चालू. दिवाळी झाली आणि मग हळूहळू 50 च्या वर गेलं की मागून घूंऽऽ, लांबून विमान जातं ना तसं. गॅरेजवाला म्हणाला टायर, टायर बदलले दोन. मग म्हणाला पुढचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्या छर्ऱ्यांवर फिरतं ते, तेही बदललं. आवाज आपला आहे तिथेच. मी त्याला फार दोष देत नाही, ही गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, एका कोपऱ्यात वाजलं की सगळा डबा वाजतो आणि ड्रायव्हरच्या कानाला दिशा कळत नाही.

म्हणून काही उघडायच्या आधी गाडी चालवून बघायची. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो का स्पीडबरोबर? मोकळ्या रस्त्यावर 60 ला न्यायची आणि न्यूट्रल करायची. आवाज तसाच राहून स्पीड उतरेल तसा उतरला तर इंजिन, क्लच सुटले, चाकाकडचं काहीतरी. (किल्ली बंद करू नका हां, कुणीतरी करतंच, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.) जीपवाले, पद्मिनीवाले बसलेत इथे, तुमच्याकडे मागे क्राऊन-पिनियन आहे, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी, त्याचा आवाज अॅक्सिलरेटर दाबला की एक आणि सोडला की दुसरा असा बदलतो. 800 पुढच्या चाकांवर चालते, मागे नुसती फिरणारी चाकं, त्यामुळे आम्ही त्या एका कटकटीतून सुटलो.

मग टायर का बेअरिंग? टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, डांबरावरून काँक्रीटवर आलात की लगेच कळतं. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं. टायरवरून तळहात एकदा पुढे एकदा मागे फिरवा, एका बाजूला गुळगुळीत आणि उलट्या बाजूला करवतीसारखं लागलं तर टायर खाल्लाय. तरी शंका असेल तर पुढची चाकं मागे, मागची पुढे. आवाज जागा बदलून पुढे आला तर टायर. यात खर्च काय, अर्धा तास आणि घाम. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन टायरचे पैसे वाचले असते.

डावं का उजवं ते मला आंबा घाटात कळलं, रत्नागिरीला जाताना. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, आणि प्रत्येक उजव्या वळणाला माझा घूं वाढायचा, डाव्या वळणाला जवळजवळ गप्प. म्हणजे डावं. घाट नसेल तर मोकळ्या मैदानात नागमोडी चालवा.

बाकीचे आवाज पटकन सांगतो. खरर खरर घासल्यासारखं असेल तर ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, संपलेत, किंवा ड्रममधे, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या गोल डब्यात, खडा गेलाय. रिकाम्या जागेत हळू चालवत, हँडब्रेकचं बटण दाबून धरून थोडासा ओढा, आवाज बदलला तर ब्रेककडेच बघायचं. स्पीडब्रेकरवर खट्ट झालं तर शॉकअपचं रबर बुश. आणि सगळ्यात आधी डिकी रिकामी करा, जॅक, पाना, मागच्या उन्हाळ्यातला नारळ, सगळं बाहेर. हसू नका, नारळ खरा होता.

आता जॅक. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, गाडी पहिल्या गिअरमधे, हँडब्रेक खाली, नाहीतर मागचं चाक फिरणारच नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, स्टँड लावायचा. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचं, कटकट प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बेअरिंग गेलंय. माझ्यात प्ले अजिबात नव्हता, म्हणून तर गॅरेजवाला फसला. तेव्हा एका म्हाताऱ्या फिटरने दाखवलेलं केलं, एका हाताने चाक जोरात फिरवायचं आणि दुसरा हात मागच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बाजूला काही लागत नाही. माझ्या डाव्या बाजूला स्प्रिंग हातात गुरगुरत होती, जात्यावर हात ठेवावा तशी.

उघडायचं कसं, तर चाक काढा, मधली डस्ट कॅप हलक्या हाताने ठोकून काढा, नट फिरू नये म्हणून घातलेली कॉटर पिन सरळ करून ओढा, नट सोडा. ड्रम गंजाने धरून बसतो, त्याला स्लाइड हॅमर, म्हणजे सरकतं वजन आपटून ओढणारं हत्यार, लागतो, कडेवर हातोडा घालू नका, ओतीव लोखंड आहे, चीर जाते. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमधे अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

माझ्या ड्रममधून ग्रीस निघालंच नाही, चहात बिस्किट विरघळल्यासारखा तपकिरी लगदा निघाला, पुराचं पाणी आत शिरून बसलं होतं. रेसवर, म्हणजे छर्रे ज्यावरून फिरतात त्या बेअरिंगच्या कड्यांवर, गंजाचे बारीक खड्डे, छर्रे त्यावरून फिरले की घूं.

ड्रममधे दोन बेअरिंग असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि त्यांच्या मधे अंतर राखणारी एक नळी, म्हणजे स्पेसर. तो स्पेसर जमिनीवर विसरलात तर नट आवळल्यावर सगळा दाब छर्ऱ्यांवर येतो आणि नवीन बेअरिंग पंधरा दिवसात बोलायला लागतं. बसवताना फक्त बाहेरच्या रेसवर दाब द्यायचा, जुन्या बेअरिंगची रेस किंवा त्या मापाची पान्याची गोटी ठेवून गोल-गोल ठोकायचं, आतल्या रेसवर एक हातोडा बसला की तिथेच खड्डे. ऑइल सील नवीन, कॉटर पिन नवीन, लिथियम ग्रीस, पण भरमसाट नको, जास्त झालं तर तापून लायनरवर येतं. ड्रमच्या आतल्या बाजूला कडा उठलीय का बघा, आणि जास्तीत जास्त किती व्यास चालतो तो ड्रमवरच उठवलेला असतो, त्याच्या पुढे लेथवर घासू नका.

हां, विचारा. दोन्ही बाजूंची बदलायची का? साधारण गाडीला मी नाही म्हणेन, उजवं गप्प असेल तर असू दे. पण माझी दोन्ही चाकं त्याच पाण्यात होती, म्हणून उजवंही उघडलं. आवाज नव्हता, ग्रीस मात्र अर्धं तपकिरी झालेलं. तिथेच बदलून टाकलं. आणि काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून परत जॅकवर घेतली, चाक फिरवलं, स्प्रिंगवर हात ठेवला. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. आता रत्नागिरीला जाताना डिकीतला पाना तेवढा वाजतो.