अद्दल घडताना पाहणारे आपण

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका माहितीपटाबद्दल बोलणार आहे, पण त्याहून जास्त तो पाहणाऱ्या माणसांबद्दल.

२ नोव्हेंबर १९७८ ची रात्र. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर ‘स्केअर्ड स्ट्रेट’ नावाचा माहितीपट लागला. नावाचा अर्थ सांगायचा तर, घाबरवून वठणीवर आणलेले. न्यू जर्सी राज्यातल्या राहवे इथल्या तुरुंगात सतरा किशोरवयीन मुलामुलींना नेलं जातं. आत शिरताना त्यांच्या चालण्यात ऐट आहे, ओठांवर हसू आहे. मग एका खोलीत जन्मठेपेचे कैदी त्यांच्यासमोर उभे राहतात आणि त्यांच्या अंगावर ओरडू लागतात. इथे आलात तर तुमचं काय होईल, तुमच्या वस्तू कोण हिसकावून घेईल, रात्री कोठडीत तुमच्यावर कोण हात टाकेल, हे सगळं नाकाला नाक भिडवून सांगतात. शिव्या जशाच्या तशा ऐकू येतात, एकही गाळलेली नाही. तीन तासांनी बाहेर पडणारी मुलं ती हीच का, असा प्रश्न पडतो. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. निवेदन आहे पीटर फॉकचं, दूरचित्रवाणीवरच्या गुप्तहेराच्या भूमिकेमुळे अमेरिकेत घराघरांत ठाऊक असलेला नट. शेवटी आपल्याला कळतं, की तीन महिने उलटले आणि सतरापैकी सोळा मुलं सरळ वागताहेत.

मी हा माहितीपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात उमटलेला पहिला शब्द होता, ‘बरं झालं’. चांगली अद्दल घडली. आता ही मुलं वाकड्या वाटेला जाणार नाहीत. डोळेही भरून आले होते, कारण ओरडणारे ते कैदी दुष्ट नव्हते. आपलं आयुष्य मातीत गेलं, निदान या पोरांचं तरी जाऊ नये, ही त्यांची तळमळ दिसत होती. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःहून पुढे येऊन हा उपक्रम सुरू केला होता. त्यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

लाखो अमेरिकी प्रेक्षकांना असंच वाटलं. मार्च १९७९ मध्ये माहितीपट देशभर दाखवला गेला. एप्रिलमध्ये त्याला ऑस्कर मिळालं. आपल्याकडच्या बिघडलेल्या मुलांनाही असंच तुरुंगात न्या, अशी ठिकठिकाणी मागणी झाली, आणि बघता बघता तीसहून अधिक ठिकाणी तसेच उपक्रम सुरू झाले. ते चालवणाऱ्यांना मतं मिळवायची होती असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो, पण ते खरं नाही. लोकांना मनापासून ते हवं होतं. पैसा जवळजवळ लागत नव्हता, उपाय तीन तासांत उरकत होता, आणि त्याचा परिणाम तर सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

आपल्या मराठीत धाक आहे, वचक आहे, जरब आहे, दरारा आहे. एका गोष्टीसाठी भाषेनं इतके शब्द जपले, यावरून त्या गोष्टीवर आपला किती विश्वास आहे ते कळतं. ‘धाक नाही म्हणून पोरं बिघडली’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्याला पुरावा मागावा असं कुणाला सुचत नाही. त्यामुळे त्या दूरच्या प्रेक्षकांना समजून घ्यायला मला काहीच कष्ट पडत नाहीत.

पण रटगर्स विद्यापीठातल्या जेम्स फिंकनॉवर या अभ्यासकानं पुरावा मागितला. राहवेच्या त्याच उपक्रमात गेलेली ४६ मुलं त्यांनी घेतली, आणि तशीच पण तुरुंगात न नेलेली ३५ मुलं तुलनेसाठी घेतली. पुढचे सहा महिने दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. तुरुंगात जाऊन घाबरून आलेल्यांपैकी ४१ टक्के मुलं त्या काळात पुन्हा गुन्ह्यांत सापडली. जी गेलीच नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होतं.

मला हे आकडे वाचून आधी राग आला, खरं सांगते. वाटलं, इतक्या थोड्या मुलांवरून काय ठरवायचं? शंका रास्त होती. पण पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९९२ या काळात अमेरिकेत झालेले अशा प्रकारचे नऊ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत मिळून जवळजवळ हजार मुलं होती. निष्कर्ष असा निघाला, की हा उपाय नुसता निरुपयोगी नाही, अपायकारक आहे. त्या मुलांना काहीच केलं नसतं तर ती जास्त बरी राहिली असती.

असं का होतं? याचं ठाम उत्तर कुणी दिलेलं नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर मला त्या खोलीतली मुलं आठवतात. बरोबरीच्या मुलांदेखत ज्याला रडवलं, तो दुसऱ्या दिवशी त्यांच्यात काय तोंड घेऊन जाईल? आपण घाबरलो नव्हतो हे त्याला कुठे ना कुठे सिद्ध करून दाखवावंच लागेल. आणि ज्यांच्याकडे आजवर कुणी वळून पाहिलं नाही, त्यांना ते दांडगे, बेडर कैदी पाहून नुसती दहशतच वाटली असेल का? कदाचित कुणाला त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटलं असेल.

त्या खोलीत कॅमेऱ्यानं टिपलं ते खोटं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते अश्रू खरे होते. कॅमेऱ्यानं अश्रू टिपले आणि आपण त्यांना सुधारणा समजलो. फिंकनॉवर यांचं म्हणणं होतं, की समाजाला अशा प्रश्नांवर सतत एखादा रामबाण उपाय हवा असतो. एक फसला की दुसरा शोधायचा. त्यांनी हे लिहिलं १९८२ मध्ये. २०११ मध्ये त्याच कल्पनेवर अमेरिकेत नवी मालिका सुरू झाली, तेव्हाही प्रेक्षकांच्या त्याच उड्या पडल्या. अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या दोन अधिकाऱ्यांना वर्तमानपत्रात लेख लिहून सांगावं लागलं, की हे भीतिदायक आहे पण उपयोगाचं नाही. कॅलिफोर्निया आणि मेरीलँड या राज्यांनी तुरुंगांतले असे उपक्रम स्थगित केले. मालिका पुढेही चालूच राहिली.

प्रेक्षकाच्या भीतीचा कायदा होतो, तोही फार लवकर. जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू, मोठ्या संघानं निवडल्यावर दोनच दिवसांत, कोकेनमुळे मरण पावला. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दोन मोठ्या वाहिन्यांनी कोकेन आणि क्रॅकवर, म्हणजे धूर ओढण्यासाठी कोकेनपासूनच बनवलेल्या खड्यांवर, विशेष माहितीपट दाखवले. रात्रीचे रस्ते, छापे, अंधाऱ्या जिन्यांवर होणारी देवाणघेवाण. ऑक्टोबर संपायच्या आत अमली पदार्थांविरोधी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यात ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा होती, तीच पूड कोकेनच्या बाबतीत ५०० ग्रॅमला होती. पदार्थ मुळात एकच. पण क्रॅक शहराच्या आतल्या, गरीब वस्त्यांत विकलं जात होतं, आणि कॅमेरे तिथेच गेले होते. शंभरास एक हे प्रमाण बदलून अठरास एक व्हायला २०१० साल उजाडावं लागलं. मधल्या चोवीस वर्षांत त्या वस्त्यांतल्या किती घरांतली किती माणसं तुरुंगात गेली, हे पाहायला कॅमेरे त्याच उत्साहानं परत गेले नाहीत.

प्रेक्षक काय पाहतो, याबद्दल आणखी एक प्रयोग सांगते. तो ऐकल्यापासून माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास थोडा कमी झाला आहे. फ्रँकलिन गिलियम आणि शँटो अय्यंगार या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लोकांना बातमीपत्र दाखवलं. त्यात एका गुन्ह्याची बातमी होती. काहींना संशयिताचा चेहरा गोरा दिसला, काहींना काळा. चेहरा तोच, फक्त संगणकावर त्वचेचा रंग बदललेला. आणि काहींना चेहरा दाखवलाच नाही. संशयिताचा उल्लेखही नाही. नंतर विचारलं, तेव्हा या शेवटच्या गटातल्या ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं, की आम्ही संशयिताला पाहिलं. जो पडद्यावर नव्हताच, त्याला! आणि तसं सांगणाऱ्या दहांपैकी सात जणांना तो काळा असल्याचं आठवत होतं.

श्रोतेहो, ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं आठवत होतं. रिकामी जागा मनानंच भरून काढली.

याच अय्यंगार यांचं त्याआधीचं एक काम आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. बातमी एका माणसाची गोष्ट म्हणून दाखवली, तर प्रेक्षक दोष त्या माणसाला देतो. तोच प्रश्न व्यापक कारणांसकट मांडला, तर प्रेक्षक समाजाची आणि सरकारची जबाबदारी पाहू लागतो. आता अडचण अशी, की माणसाची गोष्ट डोळ्याला खिळवून ठेवते आणि कारणं डोळ्याला दिसत नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेनं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले होते. कर्ज द्यायला धोक्याच्या म्हणून ज्या वस्त्या ठरल्या, त्या लाल रंगानं रंगवल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट त्या लाल भागात गेल्या. कर्जाला सरकारी हमीही तिथे नाकारली गेली. घर घ्यायला कर्ज नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत, ज्याला जमलं तो निघून गेला. पुढे कारखानेही बंद पडले. पडद्यावर मात्र कोपऱ्यावर उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा दिसतो. त्याच्या आजोबांना बँकेनं नाकारलेला कर्जाचा अर्ज कोण दाखवणार?

मग सगळेच माहितीपट असे असतात का? नाही. २०११ मध्ये स्टीव्ह जेम्स यांनी शिकागोवर ‘द इंटरप्टर्स’ हा माहितीपट केला. त्यात दिसणारं काम उभं केलं ते गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञांनी. आफ्रिकेत क्षय, कॉलरा आणि एड्सच्या साथींमध्ये काम करून परतल्यावर त्यांना शिकागोतली हिंसा साथीसारखीच पसरताना दिसली. साथ थांबवायची तर संसर्ग मध्येच तोडावा लागतो. म्हणून त्याच वस्त्यांतली, एकेकाळी टोळ्यांमध्ये राहून आलेली माणसं या कामाला लावली. भांडण पेटतंय असं कळलं की ही माणसं मध्ये पडतात, बोलतात, वेळ काढतात. त्यात अमीना मॅथ्यूज आहे, एका नामांकित टोळीप्रमुखाची मुलगी. तिच्याकडे पाहताना त्या वस्तीला स्वतःची माणसं आहेत, स्वतःची लाज आणि स्वतःची माया आहे, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका मुलानं केशकर्तनालय लुटलेलं असतं. शिक्षा भोगून सुटल्यावर तो माफी मागायला त्याच दुकानात परत जातो. लुटीच्या वेळी आपल्या मुलांसह तिथे असलेली एक बाई त्याला सांगते, त्या दिवशी आमच्यावर काय गुदरलं. अंगावर धावून न जाता, आवाज न चढवता, पण काहीही न लपवता. तो उभा राहून ऐकतो. ऐकून संपल्यावर ती त्याला जवळ घेते. इथेही एक तरुण आणि त्याच्यासमोर खरं बोलणारं मोठं माणूस आहे, राहवेच्या त्या खोलीत होतं तसंच. पण किती वेगळं! हा मुलगा स्वतःच्या पायांनी तिथे आला होता. त्याला नुसतं घाबरायचं नव्हतं, एका माणसाच्या डोळ्यांत पाहायचं होतं.

हाही रामबाण उपाय आहे असं मी म्हणणार नाही. शिकागोच्या धर्तीवर इतर शहरांत झालेल्या कामाचे निकाल वेगवेगळे आले आहेत. कुठे गोळीबार घटला, कुठे फारसा फरक पडला नाही. फरक आहे तो पाहण्यात. जेम्स यांचा कॅमेरा त्या माणसांबरोबर वर्षभर राहिला. राहवेच्या खोलीतला कॅमेरा तीन तास होता.

जाता जाता मी पुन्हा फिंकनॉवर यांच्या त्या दुसऱ्या गटाकडे वळते. तुलनेसाठी घेतलेली ३५ मुलं. त्यांना कुणी तुरुंगात नेलं नाही, त्यांच्या अंगावर कुणी ओरडलं नाही, त्यांच्यावर कुणी माहितीपट काढला नाही. राहवेचा उपक्रम दहांपैकी आठ-नऊ मुलांना सुधारतो, असा दावा तेव्हा केला जात होता. या ३५ मुलांपैकी सहा महिन्यांत चारच पुन्हा गुन्ह्यात सापडली. बाकीची ३१ आपापली सरळ राहिली. दहांपैकी जवळजवळ नऊ. ती कशी राहिली, त्यांच्या पाठीशी कोण होतं, संध्याकाळी ती कुठे जात होती, कुणाच्या शब्दाला मान देत होती, हे मला पाहायचं आहे. ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

नमस्कार.